सिद्रामप्पांचा एरंड

सिद्रामप्पा मोजायचे कानडीत, लिहायचे उर्दूत आणि भांडायचे मराठीत. त्यांचं मोजणं मी रोज पहाटे ऐकत असे. आमच्या दोघांच्या खोल्या एकाच अंगणात समोरासमोर होत्या आणि अंगणाच्या कडेला घरमालकाचा गोठा होता. उजाडायच्या सुमाराला गोठ्यातून आवाज यायचा, "ओंदू... एरडू... मूरू..." आणि मधेच बैलाची शेपटी तोंडावर बसली की "अय्यो शिवा!" नव्या माणसाला वाटावं, कुणी जप करतंय. सिद्रामप्पा डास मोजत असत.

ही निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली गोष्ट. अणदूरपासून दोन कोसांवर, बोरी नदीच्या काठच्या एका गावी मी मुलींच्या शाळेवर शिक्षिका होते. वय सव्वीस. नवरा लग्नाच्या तिसऱ्याच वर्षी थंडीतापानं गेलेला, त्यामुळे डोक्यावर पदर आणि तोंडाला मात्र लगाम नाही, अशी माझी अवस्था. सिद्रामप्पा सरकारच्या मलेरिया खात्यात होते. कागदावर त्यांचा हुद्दा ओळभर लांब होता. काम एवढंच, की गोठ्यांतून, न्हाणीघरांतून डास पकडायचे, कुठल्या जातीचे किती ते लिहायचं आणि तापकऱ्यांना कोयनेलच्या, म्हणजे क्विनाइनच्या, गोळ्या द्यायच्या. गावानं त्यांचं नाव चिलटआप्पा ठेवलं होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

पंचेचाळिशीचा काटकुळा माणूस. धोतर, खात्याचा काळा कोट, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि ओठांत एक काचेची नळी. नळीच्या मागच्या टोकाला रबर. भिंतीवरच्या डासावर नळीचं तोंड अलगद ठेवायचं, दुसऱ्या टोकानं श्वास आत ओढायचा, की डास नळीत. तो थेट तोंडात जाऊ नये म्हणून मधे मलमलीचा तुकडा बसवलेला असे. मी एकदा विचारलं, "आप्पा, हा तुकडा निसटला तर?"

"एकदा निसटला व्हता."

"मग? कसा लागतो चवीला?"

"बाई, मी लिंगायत माणूस. तसलं खात न्हाय," असं म्हणून ते गंभीरपणे पुढच्या भिंतीकडे वळले. ते विनोद करत होते की खरंच सांगत होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

डास बसतो कसा, यावरून ते त्याची जात सांगत. भिंतीला समांतर बसला तर तो साधा. डोकं खाली आणि बूड वर करून बसला की तो हिवतापाचा. त्यांना ते "आपली मंडळी" म्हणत. "आज चौधऱ्याच्या गोठ्यात आपली मंडळी लई हाईत," असं ते अशा सुरात सांगायचे, की मला वाटे आता चहाला आधण ठेवावं.

या मंडळींची बडदास्तही तशीच. आप्पांच्या खोलीत कोनाड्यात कंदिलाच्या चार काचा ओळीनं उभ्या असत. दोन्ही तोंडांना जाळीचं फडकं बांधलेलं, आत जिवंत डास. साहेबाला दाखवायचे म्हणून ते आठवडाभर जगवावे लागत. एकदा मी डोकावले, तर आप्पा भिजवलेला बेदाणा बोटानं दाबून त्या फडक्यावर ठेवत होते. लढाईच्या दिवसांत बाळंतिणीला बेदाणा मिळत नव्हता, आणि हा माणूस डासांना खाऊ घालत होता. मी म्हटलं, "अहो, हे रक्त पिणारे ना? मग बेदाणा कशाला?"

आप्पांनी मला जवळ बोलावून भिंग हातात दिलं. काचेच्या आत दोन डास बेदाण्याच्या खाली उलटे लोंबकळून सोंड खुपसून बसले होते.

"ह्यो बघा, झुपकेदार मिशावाला. ह्यो बापडा गडी. जन्मात रक्ताला शिवत न्हाय, फुलापानावर जगतो. आन् ही बाई. हिला रक्त लागतं ते अंड्यासाठी. पण रोजचं हिंडणं-फिरणं, पोटाला आधार, ते समदं गोडावरच. रक्त म्हंजी हिचं सणाचं जेवण. रोजची भाकर झाडावर."

"म्हणजे चावते ती बाईच," मी म्हटलं. "आमच्यावर आळ यायचा तो इथंही आलाच."

"आळ न्हाय बाई. लेकरासाठी करती ती," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा बेदाणा भिजत घातला.

गोळी देण्याचं काम त्याहून कठीण. कोयनेलनं कानात भुंगा घोंगावतो, पुरुषाचं पुरुषत्व जातं आणि पोटुशी बाई दिवस भरायच्या आधीच मोकळी होते, असा गावाचा ठाम समज. लोक आप्पांसमोर गोळी तोंडात टाकत, पाणी पीत, आणि आप्पा वळले की गालातली गोळी उकिरड्यावर थुंकत. आप्पांना हे कळलं ते कोंबड्यांमुळे, कारण चंद्रामव्वाच्या दोन कोंबड्या मान वाकडी करून दिवसभर झिंगत होत्या. चंद्रामव्वा आमच्या गल्लीतली म्हातारी, साठीची, आवाज असा की नदीपलीकडच्या मेंढ्या थांबाव्यात. दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी नवा नियम काढला. गोळी घेतली की माणसानं त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्यांदा "यळकोट यळकोट जय मल्हार" म्हणायचं. गालात गोळी धरून ते म्हणता येत नाही, आणि खंडोबाचं नाव अर्धवट घ्यायची छाती आमच्या भागात कुणाची नाही. चंद्रामव्वानं पहिल्या दिवशी आप्पांच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग गोळी गिळली आणि असा यळकोट घातला की शाळेतल्या माझ्या पोरी बाकावर उभ्या राहिल्या. चार दिवसांत तिचा ताप उतरला. त्यानंतर आप्पांपेक्षा तीच जास्त हिंडू लागली. अख्ख्या गल्लीला धरून आणायची आणि म्हणायची, "आप्पाचा शबुद म्हंजी दगडावरची रेघ."

दोन वर्षांत गाव बदललं, हे मी माझ्या हजेरीपटावर पाहिलं. भादव्या-आश्विनात निम्म्या पोरी तापानं गैरहजर असायच्या. त्या येऊ लागल्या. मला आप्पांबद्दल काय वाटायचं ते सरळच सांगते. वाटायचं, हा माणूस आमच्या घरी चार वर्षं आधी यायला हवा होता.

मग घासलेट मिळेनासं झालं. डबक्यांवर ओतायला खात्याकडून तेल यायचं, तेही थांबलं. घराघरामागं मोरीचं पाणी साचून हिरवं होई आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत. आप्पा आठ दिवस घरोघरच्या मोऱ्या बघत हिंडले आणि एका संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, एरंड."

"एरंडाचं काय?"

"मोरीच्या तोंडाशी एरंड लावायचा. पाणी पिऊन टाकतो. डबकं न्हाय, अळी न्हाय. वर बी निघतं, त्याचं तेल. दिव्याला घासलेट नको."

मला इतका आनंद झाला की मी शाळेच्या मोरीपाशी पोरींकडून सहा एरंड लावून घेतले. चंद्रामव्वानं तर घराच्या तिन्ही अंगांना लावले. पावसाळ्यात एरंड डोक्याएवढे झाले. घरोघरी एरंडेलाचे दिवे लागले, मोऱ्या कोरड्या पडल्या. त्या वर्षी आप्पा गल्लीतून गेले की बाया उठून उभ्या राहत. ते लाजून कोटाची बटणं चाचपत पुढं जात.

आणि नेमका त्यांनाच संशयाचा किडा चावला. दिवेलागणीला आप्पा आपल्याच मोरीपाशी उकिडवे बसलेले दिसू लागले. मी चौकशी केली. त्यांनी एक पान वळवून दाखवलं. एरंडाच्या देठावर, पान जिथं सुरू होतं तिथं, दोन बारीक गाठी असतात. त्यांच्यावर थेंबभर चिकट ओल होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. "चाटून बघा," म्हणाले. मी चाटली. गोड होती.

"मुंग्या दिवसा. सांजच्याला बघा कोण येतंय."

मी बसले त्यांच्याशेजारी. अंधुक होत गेलं, मुंग्या दिसेनाशा झाल्या आणि आप्पांनी डास उडू नये म्हणून बॅटरीवर लाल कापड धरून उजेड पाडला. गाठीवर एक डास बसला होता, सोंड ओलीत खुपसलेली, बूड वर.

"एक बसला म्हणून काय झालं?" मी म्हटलं.

"व्हय. एकानं काय हुतंय," ते म्हणाले. "बघाय पायजे."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे शाळेची दौत मागायला आले. गुळाच्या पाण्यात निळी शाई कालवून त्यांनी चंद्रामव्वाच्या एरंडांच्या गाठी रंगवल्या. पहाटे तिच्या गोठ्यातून डास धरले, तर सातांची पोटं निळी. मी म्हटलं झालं, कळलं. आप्पा डोक्याला हात लावून बसले. "कशाचं कळलं? गूळ म्या लावला. गुळाला कोणबी यील." पुन्हा पहिल्यापासून. या वेळी गूळ नाही, नुसती शाई, गाठीवर टिंबाएवढी. झाडाला गोडवा सुटेल तो आपला आपण तिच्यात मिसळेल. पहाटे गोठ्यात मीही गेले. "ओंदू," आप्पा म्हणाले आणि नळी माझ्यापुढं धरली. उजेडाकडे धरून पाहिलं, तर डासाचं अर्धं पोट रक्तानं काळं आणि अर्ध्यात निळा थेंब. एरंडावर पिऊन तो माणसाला किंवा बैलाला चावून आला होता. त्या दिवशी तसे तीन सापडले.

आप्पांनी वर लिहून कळवलं. महिन्याभरानं साहेब दौऱ्यावर आले, घोड्यावरून उतरले, तीन निळ्या पोटांचे डास त्यांनी भिंगातून पाहिले आणि हसले. म्हणाले, "सिद्रामप्पा, फॉर्ममधे जे विचारलंय ते भरा." फॉर्ममध्ये किती पकडले, कुठं पकडले, याचे रकाने होते. डास झाडावर काय खातो, याचा रकाना नव्हता. साहेब चहा पिऊन गेले.

आता खरा पेच पडला. आप्पांनी गावभर एरंड लावले, ते डबकी आटवायला. डबकी आटली. पण घराच्या भिंतीला लागून, माणसं निजतात तिथून चार हातांवर, त्यांनी डासांना रोजचं गोड वाढून ठेवलं होतं. पोट भरलेला डास जास्त दिवस जगतो, हे त्यांनी कोनाड्यातल्या काचांमधे पाहिलं होतं, आणि तापाचं विष डासाच्या अंगात पिकायला दिवस लागतात म्हणून जास्त जगलेलाच ताप देतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एरंडामुळे ताप वाढला का? ठाऊक नव्हतं. त्या साली ताप जरा जास्त होता, पण पाऊसही जास्त होता.

"गावाला सांगाय पायजे," ते म्हणाले.

मी चिडले. मी म्हटलं, "आप्पा, गप्प बसा. हळूहळू एरंड वाळले म्हणून उपटायला लावा. काहीतरी सांगा. पण मी चुकलो असं म्हणू नका. तुम्ही एरंडात चुकलात तर गोळीतही चुकला असाल, असं लोक म्हणतील. आणि निंगव्वा सहा महिन्यांची पोटुशी आहे." निंगव्वा ही चंद्रामव्वाची सून. तिची दोन बाळंतपणं तापानं फुकट गेली होती. तिसऱ्यांदा चंद्रामव्वा तिला रोज स्वतःच्या हातानं गोळी देत होती, तीही फक्त आप्पांच्या शब्दावर, सगळ्या गल्लीचं ऐकून घेऊन.

आप्पा म्हणाले, "खोटं सांगून झाडं काढली, आन् पुढं कुणी पुन्ना लावली तर?" मी म्हटलं, लावू देत. चार दिवस त्यांच्या खोलीतून भाकरी थापल्याचा आवाज आला नाही. पाचव्या दिवशी रविवार होता.

रविवारी खंडोबाच्या देवळापुढं बाजार भरे. आप्पा पायरीवर उभे राहिले. कोटाची सगळी बटणं लावलेली. या माणसाला चार लोकांत बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी एकदम मोठ्यांदा सुरुवात केली आणि मिरचीवाली दचकली. "ऐका. एरंड लावा म्हणून म्या सांगितलं. माझं चुकलं. चिलटं त्यावर पितात, म्या डोळ्यांनी बघितलं. त्यानं ताप वाढला का, मला ठावं न्हाय. पण घराजवळचा एरंड काढा. चूक माझी हाय, खात्याची न्हाय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी म्हणालं, "चिलट एरंडेल पितंय म्हणं! मग त्याला जुलाब हुतील की!" आणि हशा पिकला. हसण्याचं पुढं काय झालं, ते मी सांगितलं होतं तसंच झालं. एरंड बहुतेकांनी उपटले, पण दोन गल्ल्यांनी गोळीही बंद केली. चंद्रामव्वा हसली नाही. तिनं घरी जाऊन विळ्यानं सगळे एरंड सपासप तोडले, ते आमच्या अंगणात आणून आप्पांच्या दारापुढं टाकले आणि म्हणाली, "माज्या सुनंच्या उशाला लावलास न्हवं रं!" तिनं आपलं दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं.

आप्पा रोज सकाळी गोळी घेऊन त्या दारापुढं जाऊन उभे राहत. कडी वाजवत नसत. थोडा वेळ उभे राहून पुढच्या घरी जात. असे अकरा दिवस गेले. त्याच दिवसांत गोळी बंद केलेल्या गल्लीतला मल्लू गाडीवान तापानं गेला. आप्पा त्याच्या मातीला गेले आणि सगळे परतल्यावरही तिथं बसून राहिले. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. इतकं नकोसं खरं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही.

बाराव्या दिवशी मी शाळेला निघाले होते, तेव्हा चंद्रामव्वाचं दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी राहिली. आप्पा खाली गल्लीत.

"ह्या गोळीचं तरी खरं हाय का रं? का हेबी उद्या चुकलं म्हणशील?"

आप्पा विचार करून म्हणाले, "आजवर जेवढं बघितलं, त्यात खरं हाय. उद्या न्यारं कळलं, तर कुठंबी असलो तरी यिऊन सांगीन."

म्हातारीनं हात पुढं केला. गोळी घेऊन ती आत गेली आणि दार या वेळी उघडंच राहिलं. पौषात निंगव्वाला मुलगी झाली. दोन गल्ल्यांपैकी एक हळूहळू परत आली, दुसरी आली नाही.

पुढं उन्हाळ्यात आप्पांची बदली लांब सोनारीकडं झाली. साहेबांच्या कानावर बाजारातलं भाषण गेलं होतं, असं म्हणतात. त्यानंतरची वर्षं आमच्या मुलखाला वाईटच गेली, त्यात कुणाची कुणाला खबर नव्हती. निजामाचं राज्य गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, मी शाळेच्या दारात उभी असताना अणदूरच्या रस्त्यानं एक म्हातारा चालत येताना दिसला. कोट नव्हता. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं आणि झोळी. चालण्यावरून ओळखलं.

पाण्याचा तांब्या दिला. अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाले, "बाई, एरंडाचा दोष नव्हता."

सोनारीकडं त्यांना एरंड औषधालासुद्धा दिसला नव्हता. तरी डास तेवढेच आणि तापही तेवढाच. तिथं ते बाभळीच्या फुलांवर पीत, घाणेरीवर पीत, शेवग्यावर पीत. "गोड मिळंल तिथं पित्यात. एक झाड काढून काय हुतंय? म्या घाई केली. लोकांचं दिव्याचं तेल गेलं, झाडं गेली. सांगितलं पायजे."

"आप्पा, लोक कधीच विसरले."

"मी कुठं विसरलो?"

चंद्रामव्वाला आता नीट दिसत नव्हतं. तिनं आवाजावरून ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवढं सांगाया आलास व्हय, उनातानाचा? सांगितलंस न्हवं, आता बस. भाकर खा." आप्पा म्हणाले, "आल्यावर खातो. दोन गल्ल्या ऱ्हायल्यात." ते मल्लूच्या गल्लीत आधी गेले.

मी शाळेच्या दारातून पाहत होते. ते प्रत्येक दारापुढं थांबत, काहीतरी बोलत, पुढं जात. बहुतेकांनी त्यांना ओळखलं नाही. शाळेजवळच्या कोपऱ्यावरच्या घरातून एक नवी सून बाहेर आली. पांढरा सदरा, झोळी, गळ्यातली लिंगाची डबी पाहून तिला वाटलं, लिंगायतांचे गुरू, जंगम, भिक्षेला आले. ती आत गेली, सूपभर जोंधळे घेऊन आली आणि पदर सावरून उभी राहिली. आप्पा गोंधळले. क्षणभर त्यांनी सुपाकडे पाहिलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून दोन्ही हातांनी पुढं पसरलं, तिनं जोंधळे ओतले, आणि ओतून होईपर्यंत ते मान वाकवून तिला समजावून सांगत राहिले, की बाई, एरंडाचा काही दोष नव्हता, चूक माझी होती. ती मोठ्या भक्तिभावानं मान डोलवत होती.

मधल्या सुट्टीची वेळ होऊन गेली होती. मी आत जाऊन घंटा दिली आणि परत येऊन पाहिलं, तर ते उपरण्याचं ओझं पोटाशी धरून पुढच्या दारापुढं उभे होते.